रूथताईंचा घास

रूथताई साळवे रोज सकाळी अकराच्या सुमाराला दुसऱ्यांचं जेवण जेवायच्या. दिल्लीतल्या ज्या इस्पितळात आम्ही दोघी आहारतज्ज्ञ म्हणून काम करायचो, तिथल्या स्वयंपाकघरात वॉर्डांच्या ट्रॉल्या भरत असताना त्या हातात स्टीलचा चमचा घेऊन उभ्या राहायच्या. बिनमिठाची डाळ, उकळून पाणी फेकलेला दुधी, दात नसलेल्यांसाठी मिक्सरमधून काढलेली खिचडी, सगळ्यातलं थोडं थोडं त्या तोंडात घालायच्या. नुसती चव घेऊन सोडायच्या नाहीत, नीट घास करून गिळायच्या. एखादा पदार्थ घशाखाली उतरला नाही की ट्रॉली जागच्या जागी थांबायची.

"मॅडम, किडनीवालों का खाना है, इसमें स्वाद कहाँ से लाऊँ?" मुख्य आचारी पांडेजी हात जोडून म्हणायचे.

"जीरे से लाओ, नींबू से लाओ, पर लाओ. मला जात नाही ते आजारी माणसाला कसं जाईल?" यातलं शेवटचं वाक्य मराठीत असायचं, पण इतक्या वर्षांत पांडेजींनाही ते पाठ झालं होतं.

बुटकी, गोलसर बांधा, कापलेले पांढरे केस, सुती साडी आणि तिच्याखाली धावायचे बूट, अशी ही बाई लांबच्या कॉरिडॉरमधूनही ओळखू यायची. वडील नगरकडचे. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. रूथताईंचा जन्म सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधला आणि शाळा पहाडगंजची, मराठी माध्यमाची. घरात आजीची चर्चमधली जुनी, भारदस्त मराठी आणि दाराबाहेर दिल्लीची हिंदी. त्यामुळे "परमेश्वराच्या दयेने आज रिपोर्ट अच्छा आलाय, यार" असं वाक्य त्या सहज बोलून जायच्या आणि त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही.

माझी त्यांची पहिली भेट इंटरव्ह्यूची. मी लग्न होऊन अमरावतीहून दिल्लीला आले होते. हिंदी कच्ची होती, पण अभ्यास पक्का होता. ऑक्टोबर संपत आला होता. रूथताईंच्या टेबलावर दोन वाट्या होत्या. एकीत लालभडक टोमॅटोची प्युरी, बहुधा स्वयंपाकघरातून तपासायला आलेली. दुसरीत उकडलेले शिंगाडे, गेटबाहेरच्या गाडीवरून आणलेले. त्यांनी माझ्या अर्जावरून नजर फिरवली आणि विचारलं, "अन्नघटकांचे तक्ते पाठ आहेत म्हणतेस. मग सांग, टोमॅटोची प्युरी आणि उकडलेले चेस्टनट, यांत पौष्टिक काय?"

प्रश्न ऐकून मी खूश झाले. प्युरीत पाणी जास्त, उष्मांक थोडे, क जीवनसत्त्व आणि लाल रंगाचं लायकोपीन. चेस्टनटमध्ये पिष्टमय पदार्थ भरपूर, म्हणून उष्मांक कितीतरी जास्त, फॅट दोन्हींत नावाला, पोटॅशियम दोन्हींत चांगलंच. मी धडाधड सांगून टाकलं.

"शाब्बास. आणि चेस्टनट म्हणजे काय गं?"

"शिंगाडा," मी वाटीकडे बोट दाखवलं.

"बिल्कुल नाही. चेस्टनट डोंगरात होतो, झाडावर. नैनितालकडची माणसं त्याला पांगर म्हणतात. हा शिंगाडा तळ्यातला. इंग्रजीने दोघांना एकच आडनाव लावलं म्हणून काही ते भाऊ होत नाहीत. दोघंही पिठूळ, एवढंच काय ते नातं." त्यांनी एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला. "असू दे. आता खरं उत्तर दे. या दोन वाट्यांत चांगली कुठली?"

मी दोन्ही वाट्यांकडे आळीपाळीने बघितलं. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं.

"कोणासाठी, हे तू मला विचारलंच नाहीस," त्या म्हणाल्या आणि उठून चालायला लागल्या. मी शिंगाडा तोंडात टाकून मागे पळाले.

वॉर्डातल्या पहिल्या खाटेवर डायलिसिसवरची एक बाई होती. हिला काय देशील, असं रूथताईंनी विचारलं. दोन्ही नको, पोटॅशियम वाढेल, असं मी म्हटलं. "दोन्ही नको हे तिला सगळेच सांगतात. मग तिने खायचं काय, ते सांगायचा आपल्याला पगार मिळतो." पुढच्या खाटेवरच्या माणसाचं तोंड कॅन्सरच्या औषधांनी सोलवटलं होतं. त्याला टोमॅटोचा थेंब लागला असता तरी आग झाली असती. त्याच्यापलीकडे नुकतीच बाळंत झालेली एक फिकट मुलगी होती. तिच्या डाळ-पालकात प्युरी पडली तर लोह अंगी लागायला मदत होणार होती. आणि खिडकीजवळ एक म्हातारे गृहस्थ होते, मनगटाची हाडं मोजून घ्यावीत असे. त्यांना वाटीभर प्युरी म्हणजे लाल पाणी. त्यांना शिंगाडाच हवा, तोही दुधात वाटून.

परत येताना त्या म्हणाल्या, "तक्ता खरा असतो गं. तो पाठ असलाच पाहिजे. पण तक्त्याला तोंड नसतं, माणसाला असतं. सोमवारपासून ये."

त्या सोमवारपासून मी त्यांच्या हाताखाली होते. 'मॅडम'चं 'रूथताई' कधी झालं ते कळलं नाही. त्यांचा हट्टीपणा मात्र पहिल्याच वर्षी कळला.

इस्पितळाच्या स्वयंपाकघराचं काम एका नव्या ठेकेदाराकडे गेलं होतं. त्याने आल्या आल्या मऊ आहाराच्या सगळ्या रुग्णांना टोमॅटोचं सूप सुरू केलं. डब्यातली प्युरी, पाणी, वर क्रीमची नक्षी आणि पुदिन्याचं पान. दिसायला देखणं. प्रशासनातले अरोरासाहेब त्याच्यावर इतके खूश झाले की सुपाचा फोटो त्यांनी इस्पितळाच्या माहितीपत्रकावर छापून घेतला. सकाळी सूप, संध्याकाळी सूप. दात नसलेले, शस्त्रक्रियेतून उठलेले, अंथरुणाला खिळलेले म्हातारे ते प्यायचे आणि तासाभराने पुन्हा भुकेले व्हायचे. भूक लागली हे सांगायचीही काहींच्या अंगात ताकद नव्हती.

रूथताईंनी काही न बोलता वजनकाटा वॉर्डात आणला आणि एकेकाला धरून त्यावर उभं केलं. ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांचे दंड टेपने मोजले. पंधरवड्याने पुन्हा तेच केलं, तर बहुतेकांचे आकडे उतरले होते. मग मला घेऊन त्या अरोरासाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. सुपाबरोबर काहीतरी पिठूळ, दमदार द्यायला हवं, म्हणाल्या. सध्या शिंगाड्याचा मोसम आहे. उकडून, वाटून, दुधातुपात शिजवलं की लापशीसारखं होतं. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांचं वेगळं बघू.

अरोरासाहेब हसले. "मॅडम, मरीज़ों को व्रत का खाना खिलाएँगी? लोग क्या कहेंगे? सूप कितना सुंदर लगता है."

"सर, तराज़ू को फ़ोटो नहीं दिखती," रूथताई म्हणाल्या. "एक काम कीजिए. कल एक दिन आप यही खाइए. सुबह से शाम तक, जो सॉफ़्ट डाइट वाले खाते हैं. शाम को आप जो कहेंगे, मैं मान लूँगी."

केबिनमध्ये आणखी दोन-तीन माणसं होती. त्यांच्यासमोर नाही म्हणणं अरोरासाहेबांना जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर वेळच्या वेळी ट्रे गेला. रूथताई स्वतः नेऊन ठेवत होत्या आणि अगदी आदराने "सर, सूप" म्हणत होत्या. चारच्या सुमाराला त्या चहाच्या वेळचा ट्रे घेऊन गेल्या, तेव्हा मीही बरोबर होते. अरोरासाहेब फायलीच्या आडून ब्रेड पकोडा खात होते. आम्हाला बघून त्यांचा घास तोंडातच राहिला.

मला हसू आवरेना. रूथताई मात्र हसल्या नाहीत. ट्रे टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाल्या, "सर, आपके पास दाँत भी हैं और कैंटीन भी. उनके पास दोनों नहीं हैं."

अरोरासाहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी पकोडा कागदात गुंडाळला आणि ठेकेदाराला फोन लावला. त्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यांतून शिंगाडे उकडले जायला लागले आणि सोलून सोलून पांडेजींची बोटं काळी पडली. मोसम संपल्यावर बटाटा आला, साबुदाणा आला, रताळं आलं. सूपही राहिलं. "प्युरीशी माझं भांडण नव्हतंच," रूथताई म्हणायच्या. "तिला पोट भरायच्या कामावर पाठवलं होतं, ते तिचं काम नव्हे."

यानंतर कितीतरी वर्षं आम्ही एकत्र काम केलं. माझ्या मुलीच्या बारशाला त्या आल्या, त्यांच्याकडच्या नाताळच्या करंज्या दर वर्षी आमच्या घरी आल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. यजमान विल्सन, मी त्यांना भावोजी म्हणायची, एका मंत्रालयातून निवृत्त झाले होते. फार कमी बोलायचे. रूथताई दोघांपुरतं बोलतात, असं ते हसून सांगायचे.

तो दिवाळीनंतरचा आठवडा होता. दिल्लीची हवा धुराने जड झाली होती आणि वॉर्डात सगळे खोकत होते. नेहमीप्रमाणे अकराच्या सुमाराला रूथताई चमचा घेऊन ट्रॉलीपाशी उभ्या होत्या. मी पलीकडे ट्रे तपासत होते. त्यांनी खिचडीचा चमचा तोंडात घातला आणि ती खिचडी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळली. त्यांना ते कळलंच नाही. त्या पांडेजींकडे बघून काहीतरी बोलत होत्या, पण शब्द एकमेकांत अडकून बाहेर येत होते. मग चमचा हातातून पडला.

पांडेजी इतके मोठ्याने ओरडले की बाहेरचा सगळा स्टाफ आत धावला. मेंदूचा झटका होता. इस्पितळातच होत्या म्हणून उपचार लगेच मिळाले, जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली, तीही हळूहळू सुधारेल असं डॉक्टर म्हणाले. बोलणं बोबडं झालं. पण सगळ्यात मोठा घाव बसला होता तो घशावर. त्यांना गिळता येईना. पाण्याचा थेंब दिला तरी तो वाट चुकून श्वासनळीकडे जायचा आणि त्या काळ्यानिळ्या होईस्तोवर खोकायच्या. नाकातून पोटात नळी घालण्यात आली. त्या नळीतून काय, किती आणि कधी सोडायचं याचा हिशेब मी करत होते.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी उभी राहून नळीत फीड सोडत होते, तेव्हा मी नकळत घाई करत होते. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. बराच वेळ त्या एकच वाक्य जुळवत होत्या. तिसऱ्यांदा म्हटल्यावर मला समजलं, "सावकाश सोड. मी कुठे जात नाहीये."

दोनेक आठवड्यांनी मेंदूचे डॉक्टर भावोजींशी बोलले. गिळणं परत येईल याची खात्री नाही. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. पोटाला छोटंसं छिद्र पाडून कायमची नळी बसवू, घरी न्या, आरामात राहतील. सल्ला बरोबरच होता. आम्ही स्वतः किती जणांना तो समजावून सांगितला होता. भावोजींनी मान हलवली. ते खूप थकले होते.

रूथताई ऐकत होत्या. त्यांनी डावा हात वर केला. "नाताळ," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना समजलं नाही. मी सांगितलं, "मॅडम क्रिसमस तक का समय माँग रही हैं."

"तब तक?"

रूथताईंनी स्वतःच्या घशाला हात लावला आणि एक एक अक्षर दाबत म्हटलं, "मेहनत." थोड्या वेळाने पुढे म्हणाल्या, "नहीं हुआ, तो नली. मान लूँगी."

डॉक्टर तयार झाले.

गिळायला शिकवणारी थेरपिस्ट नेहा नावाची मुलगी होती, रोहतकची, उंच आणि खणखणीत आवाजाची. आधी तिला रूथताईंचा धाक वाटायचा, कारण वर्षापूर्वी त्यांनीच तिला रुग्णांशी हळू बोलायला शिकवलं होतं. आता ती समोर बसून "मैडम, जीभ बाहर. अंदर. ज़ोर से. और ज़ोर से," म्हणायची आणि रूथताई आज्ञाधारक मुलीसारख्या करायच्या. जीभ टाळूला दाबायची, हनुवटी छातीला लावायची, तोंडात काही नसताना गिळायचं. नेहा गेल्यावरही त्यांचं चालूच असायचं. घामाने उशी भिजायची. एकदा भावोजी म्हणाले, "पुरे गं आता, जरा पड." तर त्या म्हणाल्या, "पडून काय करू? छत पाठ झालं."

खरा घास द्यायची वेळ आली, तेव्हा काय द्यायचं यावर नेहाचं नि माझं बोलणं झालं. पातळ नको, ते घसरतं. चिकट नको, ते अडकतं. माझ्या डोक्यात सारखी ताकद घोळत होती. महिनाभरात त्यांचं वजन बरंच उतरलं होतं. मी म्हटलं, शिंगाडा शिजवून अगदी मऊ करू. नेहाने मान हलवली. "अभी नहीं. वो चिपकेगा. पहले गले को जगाना है. खट्टी चीज़ से गला जल्दी जागता है. टमाटर दो, गाढ़ा, ठंडा."

मी रूथताईंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाचा चांगला कोपरा वर गेला. हसत होत्या. "प्युरी," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी, प्युरी." आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

पांडेजींनी ताजे टोमॅटो शिजवून, दोनदा गाळून, आटवून प्युरी केली. डब्यातली नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. नेहाने चमच्याच्या टोकाएवढी जिभेवर ठेवली. आंबट लागल्याबरोबर रूथताईंचे डोळे मिटले, सगळा चेहरा आवळला गेला. हनुवटी छातीला टेकली. मग गळ्यातला तो छोटासा उंचवटा वर सरकला आणि खाली आला. नेहाने त्यांना 'आ' म्हणायला लावलं. आवाज स्वच्छ होता, घरघर नव्हती, म्हणजे घास वाट चुकला नव्हता.

दाराशी उभे असलेले पांडेजी डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेले.

पण रूथताईंनीच पुढच्या दिवसांत मला भानावर आणलं. मी चमच्यांची संख्या वाढते म्हणून आनंदात होते आणि त्या नाकातल्या नळीकडे बोट दाखवत होत्या. ही कधी निघणार? तोंडाने पुरेसं पोटात गेलं तरच. आणि नुसत्या प्युरीने ते कधीच होणार नव्हतं. वाट्यावर वाट्या गिळल्या असत्या तरी तिच्यात तेवढा दम नव्हता. अरोरासाहेबांना जे समजावलं होतं ते आता स्वतःच्या अंगावर आलं होतं. घसा प्युरी मागत होता, हाडं शिंगाडा मागत होती.

"मिसळ," रूथताई म्हणाल्या.

म्हणून आम्ही मिसळायला लागलो. शिंगाडे नेहमीपेक्षा जास्त उकडायचे, वाटायचे, बारीक चाळणीतून काढायचे, थोडं तूप घालून प्युरीत ढवळायचे. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. दुसरा चमचा घशाच्या मागे चिकटून बसला. रूथताई खोकायला लागल्या आणि थांबेचनात. डोळे बाहेर आले, ओठांचा रंग बदलला. नेहाने त्यांना पुढे वाकवलं, सिस्टरने सक्शनच्या नळीने घशातलं ओढून काढलं. सगळं पाचेक मिनिटांत आटोक्यात आलं, पण तेवढ्यात भावोजी भिंतीला धरून खाली बसले होते. रात्री थोडा ताप भरला. काही दिवस तोंडाने काहीही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्या बंदीच्या काळात भावोजी पहिल्यांदाच माझ्याशी मनातलं बोलले. कॉरिडॉरच्या बाकावर बसून म्हणाले, "तू सांग ना तिला, नळी बसवून घे म्हणून. तुझं ऐकेल. न जेवता का होईना, राहू दे ना ती मला."

मी आत गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. रूथताई पडून होत्या आणि त्यांची जीभ तोंडात हलत होती, टाळूला दाबत होती, सुटत होती, पुन्हा दाबत होती. त्यांनी मला पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं.

"ह्यांना म्हणावं," त्या सावकाश म्हणाल्या, "मी मरायला जेवत नाहीये. ह्यांच्यासमोर बसून जेवायचंय मला. टेबलावर." मग श्वास घेऊन पुढचं बोलल्या, अगदी ऑफिसातल्या आवाजात. "तूप कमी होतं. आणि दही घाल. घसरायला पाहिजे ते. जा, पांडेजींना सांग."

मी जाऊन पांडेजींना सांगितलं. भावोजींना रूथताईंचा निरोप सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "टेबलावर म्हणाली?" त्यांनी विचारलं. त्यानंतर नळी बसवण्याचा विषय त्यांनी काढला नाही.

बंदी उठल्यावर आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी शिंगाडा कमी, प्युरी जास्त, तूप सढळ, वर घट्ट दही. नेहा एका चमच्यानंतर थांबायची, आवाज ऐकायची, मगच दुसरा. जेवण म्हणजे तासाभराची कसरत व्हायची. त्या थकायच्या, घास तोंडात धरून डोळे मिटायच्या, आम्हाला वाटायचं आता मान हलवून नको म्हणतील. मग हनुवटी खाली जायची आणि त्या गिळायच्या. दिवसामागून दिवस मी शिंगाड्याचं प्रमाण चिमटी चिमटीने वाढवत गेले आणि नळीचं फीड तेवढंच कमी करत गेले. त्या रोज सकाळी मला विचारायच्या, "आज तोंडाने किती, नाकाने किती?" आणि तोंडाचा वाटा वाढलेला ऐकला की फक्त "हं" म्हणायच्या.

नाताळच्या आदल्या आठवड्यात नळी निघाली. डॉक्टर स्वतः काढायला आले. "मैडम, आपने मुझे ग़लत साबित कर दिया," ते म्हणाले.

"नहीं," रूथताई म्हणाल्या. "आपने समय दिया."

नाताळच्या दुपारी मी त्यांच्या घरी गेले. टेबलावर पाहुण्यांसाठी करंज्या, चकल्या, केक, सगळं मांडलेलं होतं. त्यातलं काहीही रूथताईंना चालणार नव्हतं. त्यांच्यासमोर लालसर लापशीची वाटी होती, तिच्याशेजारी भावोजींचं ताट. दोघं समोरासमोर बसून जेवले. भावोजी मुद्दाम हळू जेवत होते. फार बोलणं झालं नाही. मी उठून खिडकीशी गेले, कारण ते बघणंही कोणाच्या खासगीत डोकावण्यासारखं वाटत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या काठी टेकत कामावर आल्या आणि निवृत्तीपर्यंत आल्या. बोलणं शेवटपर्यंत थोडं जड राहिलं, आणि जेवताना उजव्या कोपऱ्यातून थोडं ओघळायचं. खांद्यावर कायम एक स्वच्छ नॅपकिन असायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये शनिवारचा एक वर्ग सुरू केला. झटक्यानंतर ज्यांना गिळायला त्रास होतो अशी माणसं तिथं आपापला डबा घेऊन यायची आणि एकत्र जेवायची. नेहा सुट्टीच्या दिवशी येऊन व्यायाम शिकवायची. मी कुणाच्या डब्यात काय असावं ते बघायची. तिथं शीख असत, मुसलमान असत, मराठी एक-दोन, सगळ्यांचे घसे मात्र सारखेच रुसलेले.

तिथं एक सुभेदारसाहेब आले, रेवाडीचे, सैन्यातून निवृत्त झालेले. उंचेपुरे, मिशा पिळदार. झटका येऊन वर्ष झालं होतं. त्यांची सून सांगत होती की ते घरात कुणासमोर जेवत नाहीत. ताट खोलीत घेऊन जातात, दार लावतात, निम्मं तसंच परत येतं. लाळ गळते, अन्न सांडतं, त्याची लाज वाटते. सुनेने आणलेला डबा त्यांनी उघडलाही नाही. हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिले.

रूथताईंनी आपली खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली. समजावलं नाही, आग्रह केला नाही. स्वतःचा डबा उघडला आणि जेवायला लागल्या. दोन घासांनंतर नेहमीप्रमाणे कोपऱ्यातून ओघळ आला, हनुवटीवरून साडीवर पडला. सुभेदारसाहेबांनी नजर वळवली. रूथताईंनी नॅपकिनने हनुवटी पुसली, साडी पुसली आणि पुढचा घास घेतला. पुन्हा ओघळला, पुन्हा पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता, आणि आपण लाजत नाही हे दाखवायची ऐटही नव्हती. भूक लागलेलं माणूस जेवतं तशा त्या जेवत होत्या.

"आपको बुरा नहीं लगता, बहनजी?" शेवटी सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"लगता है," रूथताई म्हणाल्या. "पर भूख ज़्यादा लगती है. चलो, खाओ."

सुभेदारसाहेबांनी सुनेकडे बघितलं. तिने पटकन पाठ फिरवली आणि दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागली. त्यांनी डबा उघडला.

गेल्या वर्षी थंडी ओसरताना रूथताई गेल्या. दुसरा झटका आला, तो झोपेतच. आदल्या संध्याकाळी भावोजींबरोबर टेबलावर बसून जेवल्या होत्या. दफनविधीला इस्पितळातले बरेच जण आले होते. अरोरासाहेबही निवृत्त होऊन कधीचे गुडगावला राहायला गेले होते, तेही आले. पांडेजी बाजूला उभे राहून रडत होते.

नंतर हॉलमध्ये सगळ्यांसाठी साधं जेवण ठेवलं होतं, वरण-भात आणि बटाट्याची भाजी. शनिवारच्या वर्गातली माणसं मागच्या ओळीत बसली होती. सुभेदारसाहेब उठले, काठी टेकत मधल्या मोठ्या टेबलापाशी आले आणि भावोजींच्या शेजारी बसले. त्यांनी खिशातून नॅपकिन काढून खांद्यावर टाकला, भात कालवला आणि पहिला घास घेतला. हनुवटी छातीला लावून ते सावकाश गिळत होते. ओघळलं की पुसत होते. त्यांचं बघून वर्गातले बाकीचेही एकेक करून पुढे आले.

त्यांना वेळ लागत होता. आमची ताटं केव्हाच रिकामी झाली होती. पण सुभेदारसाहेबांचा शेवटचा घास उतरेपर्यंत त्या हॉलमधून कोणीही उठलं नाही.